वर्गातील अबोल मूल

(नभोवाणीवरील भाषण)



लंगडत चालणारे मूल शाळेच्या फाटकातून आत आले की ते सर्वांच्या नजरेस पडते. ज्याला फळ्यावरचे दिसत नाही असे मूलही चार-आठ दिवसांत ओळखू येते. ते डोळे बारीक करते, शेजाऱ्याच्या वहीत डोकावते. पण ज्याची वाचाच अडलेली आहे, ते मूल वर्षानुवर्षे समोर बसूनही दिसत नाही. ह्याचे कारण असे की, आपला दोष झाकण्याचा सर्वांत सोपा उपाय त्याच्याच हाती असतो. ते गप्प बसते. आणि चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात गप्प बसणारे मूल हा शिक्षकाला मोठाच दिलासा असतो! त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'शांत, सुस्वभावी' असा शेरा पडतो आणि ते वरच्या वर्गात जाते.

ह्या शांत, सुस्वभावी मुलांविषयी आज आपल्याशी बोलावे असे मी योजिले आहे. वाचेच्या आणि आवाजाच्या दोषांवर डॉक्टरांनी बोलावे हे खरे. मी डॉक्टर नव्हे, शाळेत शिकवणारी बाई आहे. परंतु ही मुले डॉक्टरांसमोर असतात वर्षातून एखादा दिवस, आणि आमच्यासमोर असतात रोजचे पाच-सहा तास. म्हणून आमच्या बाजूने ह्या प्रश्नाकडे कसे दिसते, ते सांगण्याचा अधिकार मी घेत आहे.

आपला आदिलाबाद जिल्हा अनेक भाषांच्या शेजारात वसलेला आहे. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा आणि अलीकडे आपण. पण भाषा काही नदीकाठी थांबत नाही. बेला, जैनथ ह्या भागांत घरोघरी मराठी बोलली जाते. अंध समाजाची बोली मराठीच. उतनूर, इंद्रवेल्लीकडे गोंडी आणि कोलामी, तांड्यांवर बंजारांची बोली, शहरात उर्दू, आणि कचेरीत व बहुतेक शाळांत तेलुगू. गोंडांचे परंपरागत भाट जे परधान, त्यांची गोष्ट तर फारच मनोरंजक आहे. ते किंगरीच्या साथीवर गोंडी कथा गातात आणि घरी मराठी बोलतात! २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. जमिनीची वाटणी झाली, भाषांची वाटणी करणे मात्र कोणाला जमले नाही.

अशा मुलखात पाच-सहा वर्षांचे मूल पहिल्या वर्गात येते आणि बोलेनासे होते. ते का बोलत नाही? ह्या प्रश्नाच्या उत्तरात इकडे दोन परस्परविरुद्ध चुका होतात, आणि दोन्हींची किंमत मूलच भरते.

पहिली चूक अशी की, ज्याची जीभ, कान आणि बुद्धी सर्व ठाकठीक आहे, त्याला केवळ वर्गाची भाषा परकी म्हणून 'मुके' किंवा 'मंद' ठरवले जाते. नव्या भाषेत येऊन पडलेले मूल काही आठवडे, कधी काही महिनेही, तोंड उघडत नाही. ते त्याचे ऐकण्याचे दिवस असतात. पेरणीनंतर उगवण दिसेपर्यंत शेतकरी माती उकरून पाहत नाही. पण आम्ही शिक्षक मात्र रोज उभे करून विचारतो, आणि उत्तर आले नाही की शिक्का मारतो.

दुसरी चूक ह्याच्या उलट आणि, माझ्या मते, अधिक घातक आहे. मूल खरोखरच कमी ऐकत असते, किंवा तोतरे असते, किंवा त्याला शब्द जुळवणेच जड जात असते. आम्ही म्हणतो, 'घरी गोंडी बोलतात ना, तेलुगू येत नाही त्याला, येईल हळूहळू.' पालक म्हणतात, 'शाळेत मराठी नाही, म्हणून बुजला आहे.' भाषेची सबब इतकी सोयीची असते की तिच्या आड दोन-तीन वर्षे सहज निघून जातात. वाचेच्या बाबतीत सहा वर्षांच्या मुलाची तीन वर्षे म्हणजे फार मोठा काळ.

ह्या दोन्ही चुका टाळण्यासाठी एकच प्रश्न पुरेसा होतो, आणि तो विचारायला कोणतेही यंत्र लागत नाही. हे मूल आपल्या घरच्या भाषेत कसे बोलते? वाचेचा खरा दोष एका भाषेपुरता राहत नाही. तो मुलाच्या सर्व भाषांतून दिसतो. जे मूल तेलुगूच्या तासाला दगडासारखे बसते, पण सुटी झाल्यावर आपल्या गावच्या पोराशी गोंडीत तावातावाने भांडते, त्याच्या वाचेला काहीही झालेले नाही. त्याला भाषा शिकवा म्हणजे झाले. पण जे आजीजवळ, आजीच्याच भाषेत, काल बाजारात काय पाहिले ते सांगू शकत नाही, ज्याचे बोलणे घरच्यांखेरीज कोणाला कळत नाही, त्याला मात्र भाषेच्या नावाखाली सोडून देऊ नये. शिक्षकाला गोंडी किंवा कोलामी येत नसेल तर आईला विचारावे. आई शाळेत येत नसेल तर मधल्या सुटीत लांब उभे राहून नुसते ऐकावे. भाषा कळली नाही तरी बोलणे वाहते आहे की अडते आहे, हे कानाला कळते.

घरच्या भाषेचा हा विचार आपल्या जिल्ह्यात नवा नाही. १९४० साली कुमराम भीम यांचा लढा झाला. त्यानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ ह्या मानववंशशास्त्रज्ञाला इकडे पाठवले, आणि १९४३ मध्ये मार्लवाई येथे गोंड तरुणांना शिक्षक करण्याचे केंद्र निघाले. तेथे गोंडीतून वाचनपुस्तके तयार झाली आणि ती छापली गेली देवनागरीत, कारण ज्या थोड्या गोंडांना अक्षरओळख होती त्यांना ती बहुधा मराठीची होती. मुलाला प्रथम त्याच्या स्वतःच्या भाषेत ऐकावे, हे त्या रानातल्या केंद्राने तेव्हाच ओळखले होते.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करते. 'घरात दोन-तीन भाषा कानावर पडतात म्हणून मूल तोतरे झाले' असे पुष्कळ लोक म्हणतात, आणि काही शिकलेली माणसे पालकांना घरची भाषा बंद करण्याचा सल्लाही देतात. अनेक भाषा ऐकल्याने तोतरेपणा येत नाही किंवा वाचादोष जडत नाही, असे ह्या विषयातील जाणकार आज स्पष्ट सांगतात. उलट घरची भाषा बंद केली की, मूल ज्या एका जागी मोकळे बोलत होते ती जागाही जाते.

बोलीचा प्रश्नही असाच. आपल्याकडचे मूल 'शाळा' न म्हणता 'शाया' म्हणते, 'डोळा'चा 'डोया' करते, 'पाणी'ला 'पानी' म्हणते. वऱ्हाडातही लोक असेच बोलतात. हे बोबडे बोलणे नव्हे. मुलाने आपल्या आईबापांचे उच्चार अचूक उचलले आहेत, एवढाच त्याचा अर्थ. बाहेरून बदलून आलेले शिक्षक अशा मुलाला वर्गात उभे करून दहादा 'ळ' म्हणायला लावतात आणि बाकीचा वर्ग हसतो. प्रमाण उच्चार जरूर शिकवावा, पण हसू न येऊ देता. खरे बोबडेपण निराळे असते. ते मूल 'काका'ला 'ताता' म्हणते, 'गाडी'ची 'दाडी' करते, आणि त्याच घरातील इतर कोणी तसे बोलत नाही. तीन वर्षांच्या मुलाच्या तोंडी हे गोड लागते. 'र' तर पाच-सहा वर्षांपर्यंतही कित्येक मुलांना नीट येत नाही आणि त्यात काळजीचे काही नसते. पण सहा-सात वर्षांचे मूल अजून 'तातू'च म्हणत असेल, तर घरच्यांनी त्या बोबड्या बोलांचे कौतुक थांबवून तज्ज्ञाकडे जावे. पाहुणे आले की मुलाला मुद्दाम तोच शब्द बोलायला लावून हसणे हा तर अगदी निर्दय खेळ आहे. मूल पहिल्या दोन वेळा हसते. तिसऱ्या वेळेपासून ते पाहुणे आले की आत निघून जाते.

जिभेवर वेखंड उगाळून चाटवण्याची चाल आपल्या घरांतून अजून आहे. त्याने वाचा सुटते असा समज आहे. वाचा जिभेच्या टोकावर नसते. ती कानात आणि मेंदूत तयार होते. शिवाय तान्ह्या मुलांना वेखंडाने उलट्या होऊन दवाखान्यात न्यावे लागल्याची उदाहरणे वैद्यकाला ठाऊक आहेत. जीभ खाली चिकटलेली असते तेव्हा लहानशी शस्त्रक्रिया क्वचित करावी लागते, पण मूल मुळीच बोलत नाही ह्याचे कारण बहुधा ते नसते. बोलत नसलेल्या मुलाची जीभ पाहण्याआधी त्याचे कान पाहावेत.

फाटलेल्या ओठाविषयी आणि टाळूविषयीही दोन शब्द बोलणे जरूर आहे. अशी मुले सरासरीने सातशे ते हजार जन्मांमागे एक तरी जन्मतात. टाळूला भेग असली म्हणजे बोलताना हवा नाकातून निसटते, आणि 'ब', 'प', 'क', 'ग' ही अक्षरे तोंडात धरताच येत नाहीत. मूल बापाला 'बाबा' अशी हाक मारते आणि ऐकणाऱ्याला ती 'मामा' अशी ऐकू येते. मूल काय म्हणते आहे हे त्याला स्वतःला पक्के ठाऊक असते, म्हणूनच ऐकणारा हसला की त्याला कळत नाही की आपले चुकले कोठे. ह्या दोषाचे खापर आपल्याकडे आईच्या माथी फुटते. ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून मुलाचा ओठ चिरला, असे तिला सासर-माहेर दोन्हीकडून ऐकावे लागते. ग्रहणाचा आणि ओठाचा काहीही संबंध नाही. गर्भाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत ओठ आणि टाळू यांचे दोन भाग जुळून यायचे असतात. ते जुळले नाहीत की भेग राहते. ओठाची शस्त्रक्रिया तीन ते सहा महिन्यांच्या वयात होऊ शकते. टाळूची साधारणपणे दीड वर्षाच्या आत झालेली बरी, म्हणजे बोलणे सुरू होण्याच्या वेळी तोंड तयार असते. 'स्माइल पिंकी' हा माहितीपट पुष्कळांनी पाहिला असेल. मिर्झापूरकडच्या एका खेड्यातील, ओठामुळे शाळेला मुकलेल्या मुलीची ती कथा; २००९ साली त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले. अशा शस्त्रक्रिया विनामूल्य होतात, हे त्यामुळे दूरवर समजले. पण लोकांना एक गोष्ट कळत नाही, ती मी सांगते. शस्त्रक्रियेने तोंड दुरुस्त होते, बोलणे आपोआप दुरुस्त होत नाही. त्यानंतर काही महिने उच्चार शिकावे लागतात. ओठ शिवून आणल्यावर 'झाले आता' म्हणून घरी बसलेली मुले पुढे शाळेत तशीच नाकातून बोलत राहतात.

आता तोतरेपणाकडे वळते. ह्याबाबत आपला जिल्हा शब्दसंपन्न आहे! मराठीत तोतरा, उर्दूत हकला, तेलुगूत नत्ती. एकाच वर्गात एकाच मुलाला तिन्ही भाषांतून चिडवता येते आणि चिडवलेही जाते.

दर शंभर मुलांपैकी सुमारे पाच मुले लहानपणी केव्हा ना केव्हा अडखळून बोलतात. हे बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होते आणि बहुतेकांचे आपोआप सुटते. मोठेपणापर्यंत ते शंभरात एखाद्याच्या वाट्याला राहते, आणि त्यांत पुरुषांचे प्रमाण बरेच अधिक असते. हा भित्रेपणा नव्हे, बुद्धीची उणीव नव्हे आणि कोणाची नक्कल केल्यानेही हा जडत नाही. पुष्कळदा तो घराण्यात चालत आलेला असतो, आणि मेंदूत बोलण्याची जुळवाजुळव होते तेथे त्याचे मूळ असते. भीतीने तोतरेपणा जन्मत नाही. तोतरेपणाने भीती जन्मते, आणि मग भीती त्याला वाढवते.

ही भीती मुलाला सर्वांत जास्त कोठे गाठते, असे आपणांस वाटते? परीक्षेत? वक्तृत्वाच्या स्पर्धेत? मुळीच नाही. ती हजेरीच्या वेळी गाठते. नाव पुकारले की तत्काळ एकच ठराविक शब्द बोलायचा असतो. दुसरा शब्द घेता येत नाही, थांबता येत नाही. तोतऱ्या मुलाला ठराविक शब्द, आणि त्यातही स्वतःचे नाव, सर्वांत कठीण जाते. गप्पांत ते अडलेला शब्द सोडून दुसरा पकडते. ह्या कामात ती मुले विलक्षण चतुर असतात. पण स्वतःच्या नावाला पर्याय कोठून आणायचा? माझ्या पाहण्यातला एक विद्यार्थी आठवड्यातून दोनदा तरी हजेरी संपल्यावर, म्हणजे नेमका दहा मिनिटे उशिरा, वर्गात येई. त्याबद्दल तो छडीची शिक्षा निमूटपणे घेई. छडी त्याला 'हजर' ह्या शब्दापेक्षा सोपी वाटत होती. पुढे वर्गात सर्वांनीच हात वर करून हजेरी देण्याची पद्धत सुरू झाली आणि त्याचे उशिरा येणे बंद झाले. त्याच्या एकट्यासाठी निराळी व्यवस्था केली असती, तर त्याने ती कधीच स्वीकारली नसती.

तोतऱ्या मुलाविषयी एक आश्चर्य सांगते. ते गाताना अडखळत नाही. सर्वांबरोबर एकसुरात कविता म्हणतानाही बहुधा अडखळत नाही. म्हणून धड्याचे वाचन एकट्याकडून करवण्याऐवजी दोघादोघांकडून बरोबर करवले, तर त्या मुलाला वर्गात स्वतःचा आवाज ऐकण्याची संधी मिळते. ह्याला औषध म्हणता येणार नाही. पण ज्या मुलाचा आवाज वर्गाने चार महिन्यांत ऐकलेला नाही, त्याला ह्याचे मोल फार असते.

त्याच्याशी बोलताना मात्र एक पथ्य पाळावे. आपण सद्भावनेने म्हणतो, 'सावकाश बोल', 'श्वास घे', 'घाबरू नकोस'. किंवा त्याचे वाक्य आपणच पुरे करून टाकतो. बायबलात मोशेची कथा आहे. तो जिभेने जड होता, म्हणून देवाने त्याचा भाऊ अहरोन ह्याला त्याच्या वतीने बोलायला दिले. मोशे तेव्हा वयाने वृद्ध होता आणि काम राष्ट्राच्या सुटकेचे होते. शाळेतल्या मुलाला असा अहरोन देऊ नये. त्याच्या तोंडाकडे नव्हे तर डोळ्यांकडे पाहावे आणि त्याचे वाक्य त्यालाच पुरे करू द्यावे. त्याला तीस सेकंद लागतील. आम्ही फळा पुसायला ह्याहून जास्त वेळ घेतो.

नावे ठेवण्याने काय होते, ह्याचा एक दुःखद पुरावा अमेरिकेत आहे. १९३९ साली आयोवा राज्यात वेंडेल जॉन्सन ह्या प्राध्यापकाच्या देखरेखीखाली एका अनाथाश्रमातील २२ मुलांवर एक प्रयोग झाला. जॉन्सन स्वतः तोतरे होते. मुलाला 'तू तोतरा आहेस' असे म्हटल्यानेच तोतरेपणा पक्का होतो, अशी त्यांची कल्पना होती. ती पडताळण्यासाठी चांगल्या बोलणाऱ्या सहा मुलांना मुद्दाम सांगण्यात आले की तुमच्या बोलण्यात दोष आहे, तुम्ही तोतरे होत चालला आहात, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका. ती मुले काही खरोखर तोतरी झाली नाहीत. ह्या अर्थी कल्पना खोटी ठरली. पण त्यांतील कित्येक बोलेनाशी झाली, वर्गात मागे पडली, उत्तर देताना तोंड लपवू लागली. ही हकीकत दडून राहिली होती. २००१ मध्ये एका वृत्तपत्राने ती उजेडात आणली, आणि २००७ मध्ये त्या राज्याला हयात असलेल्यांना व मृतांच्या वारसांना भरपाई द्यावी लागली. धडधाकट जिभेच्या मुलांची ही गत केवळ काही महिन्यांच्या शब्दांनी झाली. ज्याची जीभ खरोखर अडते, आणि ज्याला पहिलीपासून दहावीपर्यंत तिन्ही भाषांतून हेच ऐकावे लागते, त्याच्या मनाचे काय होत असेल?

योगायोग असा की, त्याच १९३९ साली, ३ सप्टेंबरला, इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांनी नभोवाणीवरून युद्धाची वार्ता आपल्या प्रजेला सांगितली. ते तोतरे होते, आणि शेजारी त्यांचे वाचाशिक्षक लायोनेल लोग उभे होते. राजाला तज्ज्ञ मिळाला. आमच्या तांड्यावरच्या पोराला तो कोठे मिळतो, हे पुढे सांगते.

आवाजाच्या दोषांकडे तर आपण दोष म्हणून पाहतच नाही. काही मुलांचा आवाज सदाच बसलेला, घोगरा असतो. मैदानावर आरडाओरडा, जत्रेत-मिरवणुकीत ओरडणे, भावंडांच्या गोंगाटात आपले म्हणणे रेटणे, ह्यामुळे कंठातील स्वरपट्ट्यांवर घट्टे येतात. नांगर धरणाऱ्याच्या तळहातावर येतात तसेच हे. (आम्हा शिक्षकांच्या कंठातही ते येतात, आणि आम्ही ते खडूच्या धुळीवर ढकलतो.) बहुतेक मुलांत आवाजाला विसावा दिल्याने आणि बोलण्याची रीत बदलल्याने ते जिरतात. परंतु आवाज दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेलाच राहिला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. क्वचित आत चामखिळीसारखी वाढ असते आणि ती श्वासाची वाट अडवू शकते. घोगऱ्या आवाजाच्या मुलीचे हाल मुलापेक्षा अधिक होतात. तिला प्रार्थनेच्या ओळीतून मागे सारतात, गाण्यातून वगळतात, आणि थोड्या वर्षांत तीच म्हणू लागते की मला बोलायला आवडत नाही.

मुलांच्या बाबतीत उलटे संकट कंठ फुटण्याच्या वयात येते. संगीत नाटकांच्या काळी, ज्या मुलाचा कंठ फुटला त्याची स्त्रीभूमिका गेली अशी रीत होती. पण काही मुलांचा कंठ फुटायचा तेव्हा नीट फुटतच नाही. शरीर वाढते, मिसरूड येते आणि आवाज मात्र बारीकच राहतो. मग त्याला काय काय म्हणतात, ते नभोवाणीवर सांगण्यासारखे नाही. असे तरुण फोनवर बोलणे टाळतात, मुलाखतीला जात नाहीत, लग्नाची बोलणी टाळतात. आणि ह्या साऱ्या दुःखावर उपाय किती सोपा असावा! कंठाची रचना बहुधा निर्दोष असते. फक्त जुनी सवय सुटलेली नसते. जाणकार वाचाशिक्षक पुष्कळदा थोड्याच बैठकांत खालचा आवाज काढून देतो. उपाय आहे हे ठाऊक नसल्यामुळे माणसाने वर्षानुवर्षे तोंड मिटून राहावे, ह्याची मला फार हळहळ वाटते.

वाचेच्या दोषाचे मूळ पुष्कळदा कानात सापडते, म्हणून थोडे कानांविषयी. आपल्याकडे कान वाहणे हे सर्दीइतकेच किरकोळ मानतात. तेल ओततात, काडी घालतात, कोंबडीचे पीस फिरवतात. पडद्याला भोक पडलेल्या मुलाला ऐकू येते, पण अर्धवट. हलक्या उच्चाराची अक्षरे गळतात आणि मोठ्याने ओरडलेले कळते. म्हणून घरचे म्हणतात, 'त्याला ऐकू येते, मुद्दाम ऐकत नाही.' अशा मुलाला उद्धट ठरवायला वेळ लागत नाही. शंका आली तर त्याच्या मागे हातभर अंतरावर उभे राहावे, आपले तोंड त्याला दिसू देऊ नये, आणि 'पाणी', 'चेंडू' असे घरच्या भाषेतले ओळखीचे शब्द कुजबुजून त्याला पुन्हा म्हणायला सांगावे. ते वळले नाही, किंवा भलतेच बोलले, तर कान तपासून घ्यावेत. तान्हे मूल नऊ-दहा महिन्यांचे होऊनही 'बा-बा', 'दा-दा' अशी बडबड करीत नसेल, तर तेव्हाच जावे. शाळेची वाट पाहू नये. जन्मतः बधिर असलेल्या पाच वर्षांखालील मुलांना, पात्रता असल्यास, केंद्र सरकारच्या योजनेतून कर्णयंत्राचे रोपण करून मिळते. त्यानंतर हे दार बरेचसे मिटते, कारण मेंदूचे बोलणे शिकण्याचे वय निघून गेलेले असते.

आता तज्ज्ञ कोठे मिळतो, ते सांगते. मुंबईत माझगावला एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात बिशप लिओ म्युरिन यांनी मूकबधिरांची शाळा काढली; ती देशातील ह्या प्रकारच्या पहिल्या शाळांतली. म्हैसूरची वाक्‌-श्रवण संस्था १९६५ ची. १९८३ साली मुंबईत वांद्र्याला राष्ट्रीय संस्था निघाली, तिला अली यावर जंग यांचे नाव आहे. हे गृहस्थ मूळचे आपल्या हैदराबादचे, उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. त्या संस्थेचे विभागीय केंद्र सिकंदराबादला आहे. परंतु आदिलाबादहून हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर आणि नागपूर सुमारे २०० किलोमीटर. वाचेचे शिक्षण एका खेपेत होत नाही. ते आठवड्यामागून आठवडे चालते. कापूस वेचणीच्या दिवसांत कोणता बाप अशा दहा खेपा करील? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाचा आणि भाषा यांच्या दोषाला दिव्यांगत्वात स्थान दिले, हे चांगले झाले. पण कायदा मुलाला बसभाडे देत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी कायमचे वाचातज्ज्ञ असावेत आणि त्यांतील एखाद्याला तरी गोंडी व मराठी यावी, ही मागणी आपण सोडता कामा नये. तेलुगू उच्चारांच्या तक्त्यावर कोलाम मुलाची वाचा कशी तपासणार?

तोवर जे जवळ आहे ते वापरावे. मंडळाच्या ठिकाणी भविता केंद्रे आहेत. विशेष गरजा असलेल्या मुलांना तेथे शिकवतात. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा येतात. कमी ऐकू येणे, फाटलेला टाळू, उशिरा बोलणे ही त्यांच्या तपासणीच्या यादीतच आहेत, आणि मुलाला पुढे जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवण्याचा त्यांना अधिकार आहे. पथकाजवळ वेळ थोडा असतो. दातांचे आणि वजनाचे आधी पाहिले जाते. अबोल मूल तेथेही रांगेतून गप्प निघून जाते. म्हणून माझी शिक्षकबंधूंना आणि अंगणवाडीताईंना विनंती आहे की, पथक येण्याच्या आधीच एका कागदावर अशा मुलांची नावे लिहून ठेवावीत, मूल घरी बोलते की नाही हे आईला विचारून त्यापुढे नोंदवावे, आणि शेवटच्या रकान्यात घरची भाषा लिहावी. डॉक्टरांना ती विचारायला सवड नसते, आणि मूल ती स्वतःहून सांगणार नाही.